कपया प्रतीक्षा करा

परवा एका ॲपवरून पैसे पाठवताना पडद्यावर हे वाक्य आलं. ‘कपया प्रतीक्षा करा’. आधी वाटलं, टायपिंगची चूक. डोळ्यांजवळ धरून बघितलं तर ‘कृ’चा ऋकार होता बिचारा, पण केसाएवढाच. बाकीचा खालच्या निळ्या पट्टीनं गिळला होता. पैसे गेले की नाही हे बघायच्या आधी मी स्क्रीनशॉट काढला. धंद्याची खोड, दुसरं काय.

काय झालं असेल ते मला बसल्या जागी कळलं, कारण हेच मी स्वतः कितीदा तरी केलंय. कोणीतरी ती पट्टी ‘प्लीज वेट’ हे दोन शब्द डोळ्यांसमोर ठेवून आखली. इंग्रजी अक्षर बैठ्या घरासारखं. फार तर एखाद्या जी-वायची शेपटी खाली लोंबते. आपलं अक्षर तीन मजली: वर मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये मूळ अक्षर, तळघरात उकार आणि ऋकार. ‘कर्तृत्व’मधला ‘र्तृ’ बघा, डोक्यावर रफार आणि पायात ऋकार, दोन्ही एकाच वेळी. बैठ्या घराच्या मापानं छत टाकलं की वरच्यांचं डोकं आपटणार, नाहीतर खालचे बुजणार.

डिझाइनच्या धंद्यात मला १८ वर्षं झाली. निम्मी छपाईत गेली, निम्मी ॲप आणि वेबसाइटमध्ये. या सगळ्या काळात मराठी कामाची पद्धत मी जवळजवळ एकच पाहिली. सगळे पडदे इंग्रजीत रंगवायचे. क्लायंटला दाखवायचे, त्यानं निळा जरा अजून निळा करायला सांगायचं, आपण करायचा, मंजुरी. आणि लाँचला आठ दिवस राहिले की एक एक्सेल शीट यायची. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ती मराठी ‘ओतायची’. शब्द अगदी हाच वापरतात, मीही वापरते. भाषांतर करणाऱ्याला पडदा कधी दाखवलेलाच नसतो. त्यामुळे खोडून टाकायच्या ‘क्लिअर’ बटणावर ‘स्पष्ट’ असं लिहून येतं, आणि ते तसंच लोकांच्या फोनवर जातं. मग सगळे मिळून म्हणतात, मराठी इंटरफेस कोण वापरतं हो, आकडे बघा. ‘स्पष्ट’ दाबल्यावर सगळा फॉर्म कोरा होत असेल तर मीसुद्धा नाही वापरणार.

मराठी अक्षरच यंत्राला जड जातं, असं एक जुनं रडगाणं आहे. एकेकाळी त्यात तथ्य होतं. पण त्या काळातल्या माणसांनी काय केलं बघा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथे राणोजी रावजी आरूंनी देवनागरीचे पंच, म्हणजे धातूची अक्षरं ओतायच्या साच्यांचे मूळ ठसे, कोरले. पोलादावर, हातानं, उलटं अक्षर. निर्णयसागरचं जुनं पुस्तक मिळालं तर एखादं जोडाक्षर भिंगाखाली धरा, काना आणि मात्रा जिथे हव्यात तिथेच आहेत. जुळाऱ्यासमोर खिळ्यांची, म्हणजे त्या सुट्या धातूच्या अक्षरांची, केवढी मोठी पेटी असायची, इंग्रजीच्या कितीतरी पट. त्रास होता, पण तो त्रास यंत्रानं आणि माणसानं सोसायचा, अक्षरानं नाही, असा हिशेब होता.

हिशेब उलटा झाला तो नंतर. टाइपरायटरवर जोडाक्षरं चेंगरली. डीटीपीच्या जमान्यात मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मुखवटे. फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडायचा आणि पानभर ‘Æ’सारखी पिशाच्चं नाचायची. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड, दर अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, तरी सामान्य माणसाच्या संगणकात मराठी धडपणे यायला विंडोज २००० उजाडलं. तिथला ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींचा. कवी, सुलेखनकार, जाहिरातीत वावरलेला, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणारा हा माणूस. आज मंगलला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मुरडा. पण तो नसता तर आपल्यातल्या अर्ध्यांनी पहिला मराठी ईमेल मिंग्लिशमध्येच लिहिला असता.

(‘ॲप’ लिहिताना दर वेळी एक गोष्ट आठवते. या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये. तोवर आपण ‘ऍ’वर भागवत होतो, आणि तो मुळात ‘ए’वरचा चंद्र. अजूनही कितीतरी पाट्यांवर ‘ऍ’च दिसतो. भाड्याच्या घरात राहायची सवय लागली की स्वतःचं घर झाल्यावरही सामान उघडत नाहीत लोक.)

आता मात्र सगळं आहे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे ‘मुक्ता’, ‘बलू’, ‘मोदक’ हे फॉन्ट फुकट मिळतात. मोदक इतका गुबगुबीत आहे की अक्षरांच्या पोटातल्या फटी जवळजवळ बुजल्यात, आणि तरी वाचता येतो! फोटोशॉपमध्ये वेलांटी चुकीच्या बाजूला उडी मारते ती एक सेटिंग बदलली की गप जागेवर बसते. मराठी ‘ल’ आणि ‘श’चंही तसंच. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, हिंदीचा दांडीवाला ‘ल’ आणि आपला पाकळ्यांचा ‘ल’. फक्त पानाला सांगावं लागतं की बाबा रे, ही भाषा मराठी आहे. कोडमध्ये दोन अक्षरांची खूण. सरकारनं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला, मग नोव्हेंबर २०२२ मध्ये सुधारून पुन्हा काढला: पाकळीयुक्त ल, देठयुक्त श. त्यानंतरही मी ती दोन अक्षरांची खूण क्वचितच कुठे पाहिली.

‘त्यानं कोणाचं काय अडतं?’ हे मला एका मीटिंगमध्ये विचारलं गेलं. खरं सांगायचं तर ‘ल’मुळे कोणाचं काही अडत नाही. दांडीचा ‘ल’ असलेलं ‘पनवेल’ वाचून कोणी पेणला उतरत नाही. मी या ‘ल’वरून तलवार काढणाऱ्यांतली नाही. मला राग येतो तो ‘ऱ्य’चा, कारण तिथे अर्थच बदलतो. आणि तिथे मी स्वतः शेण खाल्लंय.

कराडच्या एका ट्रेकिंग ग्रुपचं काम होतं, धंद्यात नवी होते तेव्हाचं. बारा बाय आठचा फ्लेक्स. ओळ होती, ‘सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत’. मी युनिकोडमध्ये लिहिली, आमच्या फ्लेक्सवाल्या दादांकडे कोरल ड्रॉ आणि जुना, मुखवट्यांच्या जमान्यातला फॉन्ट, म्हणून नेटवरच्या फुकट कन्व्हर्टरमधून काढली, टेक्स्ट कर्व्ह केलं (म्हणजे अक्षरांचं चित्र करून टाकलं, मग ते टाइप करून बदलता येत नाही) आणि पाठवलं. कन्व्हर्टरनं ‘ऱ्य’ची चंद्रकोर उचलून सरळ रफार करून टाकला होता. मी फोटोतल्या ढगांचा रंग तीनदा तपासला, ओळ एकदाही वाचली नाही. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात लागला, आणि दुपारी शाळेतल्या मराठीच्या बाईंचा फोन. “अगं, सह्याद्रीत दर्या कधी आला? मला वाटलं कोकणात आहे.”

दादांकडे गेले तर ते म्हणाले, “ताई, मला मॅटर कागदावर लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. मी टाइप केलं असतं की. कर्व्ह केलेल्यात मी काय हात घालणार?” आणि माझ्यासमोर ऑल्ट दाबून एका हातानं चार आकडे मारले. चंद्रकोर आली. तो आकडा त्यांना तोंडपाठ होता. असे शे-दीडशे आकडे पाठ होते. रात्री दुसरा फ्लेक्स काढून दिला, पैसे फक्त मटेरियलचे घेतले.

तेव्हापासून फ्लेक्सवाल्यांची टिंगल करणाऱ्या डिझायनरांत मी बसत नाही. बाकी सगळं कबूल: चौक विद्रूप होतात, झाडं झाकली जातात, भडक रंगांनी डोळे दुखतात. पण वाढदिवसाचा एक फ्लेक्स शांतपणे बघा. वर कोपऱ्यात दिल्ली-मुंबईचे चेहरे छोटे, मध्ये साहेब कमरेपर्यंत, बाजूला ‘युवा नेतृत्व’, खाली शुभेच्छुकांची गोट्यांएवढी तोंडं. कोणाचं वजन किती, कोण कोणाच्या गटात, गेल्या महिन्यात कोण बाहेर पडलं, सगळं एक अक्षर न वाचता कळतं. ज्याला आम्ही कॉलेजात ‘व्हिज्युअल हायरार्की’ म्हणून परीक्षेत लिहायचो ते हे लोक रोज रात्री दहा वाजता, समोर चार कार्यकर्ते उभे असताना करतात. आणि अक्षर? ते पहिलं टाकतात. आधी नाव, मोठं, मराठीत, उकार-रफारांना मोकळी जागा सोडून. मग त्याच्या मापानं बाकीचं. ओतणं नाही.

आता या चौकात एआय आलंय. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या मंडळाचा एक मुलगा उत्साहानं पोस्टर घेऊन आला. गणपती देखणा, मखर देखणं, प्रकाश तर काय विचारू नका. खाली दोन ओळी. लांबून शंभर टक्के मराठी: शिरोरेषा सरळ, खाली काने, मध्ये एखादी वेलांटी. जवळ गेलं की एकही अक्षर ओळखीचं नाही. यंत्रानं अक्षर लिहिलेलंच नव्हतं, अक्षरासारखं दिसणारं चित्र काढलं होतं. हे सुधारेल, सुधारतंयही, त्याची मला फार काळजी नाही. मी मुलाला म्हटलं, अरे हे वाचून तरी बघ. तो म्हणाला, “काकू, वाचतंय कोण? बॅकग्राउंड बघा ना.”

त्याच्यावर चिडायला गेले आणि ढगांचा रंग आठवला.

हल्ली आमच्या टीममध्ये मी एक हट्ट धरलाय. कुठल्याही कामाचा पहिला पडदा मराठीत रंगवायचा, इंग्रजी मागून. पट्टीची उंची ‘कर्तृत्व’ टाकून ठरवायची, बटणाची रुंदी ‘पुन्हा प्रयत्न करा’ टाकून. मथळ्याची अक्षरं लांब-लांब सोडायची हौस असेल तर आधी मराठी मथळ्यावर करून बघायची, शिरोरेषेचे तुकडे झालेले दिसले की हौस आपोआप फिटते. एसएमएस असेल तर ७० अक्षरांत बसवायचा, कारण इंग्रजीला एका मेसेजमध्ये १६० मिळतात आणि मराठीला एवढीच. सुरुवातीला पोरांनी कुरकुर केली. आमच्यातला एक तमिळ मुलगा मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूनं, त्याच्या लांबच लांब शब्दांनी आयुष्यभर बटणं फोडलीत. आणि मजा अशी की मराठीच्या मापानं आखलेल्या पडद्यात इंग्रजी आरामात मावते, वर हवाही खेळते. उलटं कधीच होत नाही.

तो ‘कपया’चा स्क्रीनशॉट मी त्या ॲपवाल्यांना पाठवला होता. उत्तर आलं, इंग्रजीत, आभारी आहोत वगैरे. काल अपडेट आलं. ऋकार आता पूर्ण दिसतोय, पट्टी चांगली ऐसपैस केलीय. शेजारच्या बटणावर मात्र ‘रद्द क’ आहे, आणि खालच्या ओळीत एकटा ‘रा’.