मंकी हिल, मावशी आणि सहा मिलिसेकंद

परवा दादरहून पुण्याला निघाले होते. कर्जतला मागे बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन, लागत होता, हातात गरम वडा, आणि नेमका तेव्हाच मावशीचा फोन. "अगं नीट बसलीयेस ना, ऐकून उडशील." झालं, पुढे अख्खा घाट आणि मावशीची नुसती प्रस्तावनाच पळसदरीपर्यंत चालते.

माझा धाकटा दीर टेलिकॉममधे आहे, तो म्हणतो कॉल चालू असताना पण फोन शेजारचे टॉवर चाचपत असतो. शेजारचा वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असला, म्हणजे आपण १८०० मेगाहर्ट्झवर आणि तो ९०० वर, तर बऱ्याचदा दोन्हीकडे एकदम कान देता येत नाही, मग ४जीमधे दर ४० नाहीतर ८० मिलिसेकंदांनी फोन ६ मिलिसेकंद इकडचं सोडून तिकडे ऐकून येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही!

म्हणजे लोकलमधली चौथी सीटच की. अर्धं बूड टेकवून बसायचं आणि डोळा खिडकीवालीवर, ही कुठे उतरणार. पण जरा हलली की लगेच उठायचं नाही, नाहीतर ती नुसती पर्स सावरत असते आणि आपली इकडची पण जाते. फोनचंही तसंच, पलीकडचा सिग्नल चांगलाच बरा हवा आणि थोडा वेळ टिकायला हवा. फक्त त्याला स्वतःहून उठता येत नाही, तो रिपोर्ट पाठवणार आणि ऊठ म्हणणार टॉवर, आमच्या ऑफिससारखं. बोगद्यात मात्र रिपोर्ट घ्यायलाच कोणी नसतं.

तर ठाकूरवाडी गेल्यावर मावशी मुद्द्यावर आली. "साखरपुडा मोडला गं! का माहितीये, मुलाच्या आईने चक्क..."

बोगदा.

"...असल्या घरात पोरगी द्यायचीच कशाला?"

"मावशी, आईने काय केलं?"

"अगं दोनदा सांगितलं ना आत्ता! तिने सगळ्यांसमोर..."

बोगदा. यावेळी कॉलच कट.

मंकी हिलला समोरच्या काकू, ज्या इतका वेळ डोळे मिटून झोपल्या होत्या, म्हणाल्या, "काय केलं हो तिने?"

लोणावळ्याला दांड्या फुल्ल. मावशीला लावला तर बिझी, दुसऱ्या भाचीला सांगत असणार. काकूंना तिथेच उतरायचं होतं, दारापर्यंत जाऊन त्यांनी वळून बघितलं. मी नुसती मान हलवली.