कोंबड्या पाळायच्यात? आधी गावाकडं फोन लावा

स्पष्टच बोलते, राग आला तर येऊ दे. इथे इंग्लंडमध्ये आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांना सध्या कोंबड्यांचं वेड लागलंय. ज्यांनी पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला वॉचमनच्या बायकोच्या दोन कोंबड्यांवरून हायजीनचा विषय काढला असता तीच मंडळी रेडिंगला घर घेतलं की आधी व्हेज बेड, म्हणजे भाजीचे वाफे, बांधतात, मग पेस्टल रंगाचं खुराडं ऑर्डर करतात, कोंबड्यांची नावं ठेवतात आणि फोटो टाकतात, 'बॅक टू रूट्स'. अहो कुणाचे रूट्स? तुमच्या घरी कधी कोंबडी होती का? हौस करा, माझी काही हरकत नाही, पण हे सगळं युट्यूबवर एखाद्या गोऱ्या माणसाने शोधून काढलंय असा जो आव असतो ना, तो डोक्यात जातो.

मी माण तालुक्यातली. आमच्याकडं पाऊस नाही, पण कोंबड्या होत्या, कारण कोंबडीला पाऊस लागत नाही. रात्री डालग्याखाली झाकायच्या, सकाळी सोडायच्या. अंड्यांचे पैसे आईचे, त्याचा हिशोब वडिलांनी कधी विचारला नाही, आमच्या वह्या-पेनं त्यातनंच यायची. हॉस्टेलवर गेल्यावर मात्र मी हे कुणाला सांगितलं नाही. 'तुमच्याकडे कोंबड्या आहेत?' असं विचारताना समोरच्याचं नाक कसं वर जातं ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. आता तोच प्रश्न पार्टीत कौतुकाने विचारतात.

असो. ज्यांना खरंच पाळायच्यात त्यांच्यासाठी थोडं कामाचं. 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी सरकार दरबारी नोंद करावी लागते, फुकट आहे, ऑनलाइन होते, करून टाका. दुसरं, घरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालणं इथे बेकायदा आहे. हो, चपातीचा तुकडासुद्धा. दूध-तूपही न येणारं पूर्ण व्हीगन घर असेल तरच सूट. बागेतला पालक तोडून परस्पर टाकला तर चालतो, तोच ओट्यावरून फिरून आला की गुन्हा! आईला हे सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली, तिच्या मते खरकटं खात नाही ती कोंबडी कसली. पण कारण आहे त्याला, 2001 मध्ये इथे, बहुधा डुकरांना घातलेल्या खरकट्यातून, लाळ्या-खुरकुताची साथ आली होती, लाखो जनावरं मारून टाकावी लागली, त्यानंतर हे नियम कडक झाले. आणि बर्ड फ्लू आला की कोंबड्या कोंडून ठेवायचा हुकूम निघतो, नोव्हेंबर 2022 ते एप्रिल 2023 एवढा काळ इंग्लंडभर सगळ्यांच्या कोंबड्या आत होत्या, म्हणजे तेवढे महिने पुरेल एवढी छप्पर असलेली जागा पाहिजे, नुसतं गोंडस खुराडं नाही.

आपल्याकडं मुंगूस आणि घार, इथं कोल्हा. शहरात भरवस्तीत फिरतो, कुंपणावरून येतो, खालून उकरून येतो, आणि दुकानात जी पातळ षटकोनी जाळी 'चिकन वायर' म्हणून मिळते ती दाताने तोडतो. जाड वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंग केलेली तारेची जाळी, घ्या आणि जमिनीवर बाहेरच्या बाजूला हातभर पसरून पुरा. यात पैसे वाचवू नका.

आई व्हिजिटर व्हिसावर आली तेव्हा आमच्या कोंबड्यांची अंडी कमी झालेली, तुरे फिके पडलेले. मी खाद्य बदललं, पाण्यात व्हिटॅमिन घातलं, गुगल करकरून डोकं उठलं. तिने एकदा बघितलं आणि म्हणाली, "दिवसा काय दिसतंय? रातच्याला बॅटरी घिऊन ये." रात्री नवऱ्याचं जॅकेट घालून आली बाहेर, कोंबड्या ज्या दांडीवर बसतात तिच्या खालून पांढरं फडकं ओढलं आणि माझ्यापुढं धरलं, फडक्यावर लाल रेघा. रेड माइट, म्हणजे गोचिडासारखे बारीक किडे. दिवसभर लाकडाच्या फटीत दडून बसतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. मग खुराडं सुटं केलं, फटीफटीतून धुतलं, डायटोमेशियस अर्थ नावाची किडे मारणारी पांढरी पावडर भरली आणि लोळायला कोरड्या मातीत राख मिसळून दिली. राख आईची आयडिया, पण इथल्या पुस्तकातही डस्ट बाथ म्हणून हेच लिहिलेलं असतं. माझी आई सातवी शिकलीय.

भाजीचं पण तेच. आपले लोक आले की पहिल्याच वर्षी भेंडी, गवार, वांगी लावतात आणि मग रडतात. अरे इथला उन्हाळा म्हणजे आपला रब्बी हंगाम, वीस-बावीस डिग्री! मग रब्बीतलं लावा की. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, कोबी, घेवडा. मेथी तर किराणा दुकानातल्या मसाल्याच्या पाकिटातली पसरली तरी उगवते, भारतातून बिया आणायच्या भानगडीत पडू नका, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बियांना रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. कोथिंबीर मात्र एप्रिलमध्ये नाहीतर ऑगस्टमध्ये टाका, जूनमध्ये इथे दिवस साडेसोळा तासांचा, ती लगेच फुलावर जाते. मिरचीची रोपं फेब्रुवारी-मार्चमध्ये खिडकीत करायची आणि मे अर्धा झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही. आणि चाकवत! चाकवत इथे तण म्हणून आपोआप येतो. शेजारचे आजोबा उपटून कंपोस्टमध्ये टाकत होते, आईने कुंपणावरून हात करून थांबवलं, भाषा येत नसताना, आणि संध्याकाळी ताकातला चाकवत त्यांच्या घरी गेला. त्यांनी खाल्ला की नाही माहीत नाही, पण तेव्हापासून पिशवी भरून दारात ठेवतात.

आता न आवडणारा विषय. कोंबडी पहिली दोनेक वर्षं भरपूर अंडी घालते, मग कमी कमी होत जातं, आणि जगते मात्र सहा-आठ वर्षं. शिवाय डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, अंड्यासाठी चौदा-एक तास उजेड लागतो, म्हणजे हिवाळ्यात खाद्य चालू आणि अंडी बंद. एक कोंबडी दिवसाला सव्वाशे ग्रॅम खाते, करा हिशोब. इथल्या मोठ्या फार्मवर साधारण 72 आठवड्यांच्या झाल्या की त्या काढूनच टाकतात, ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट त्यातल्या काही वाचवून लोकांना घरी पाळायला देते, आमच्या दोन तशाच आहेत, आल्या तेव्हा अर्धी पिसं नव्हती. आईचं म्हणणं सरळ आहे, अंडं बंद झालं की रस्सा. मला जमत नाही, नाव ठेवलेली कोंबडी कापायला. पण आईला क्रूर म्हणणाऱ्या मैत्रिणीच्या फ्रीजमध्ये सुपरमार्केटचं ब्रेस्ट-फिलेट होतं, आणि ते साधारण सव्वा-दीड महिन्याच्या पक्ष्याचं असतं, तेव्हा त्या वादात मी आईच्या बाजूने. तुम्ही कुठल्याही बाजूने असा, पण पिल्लं आणायच्या आधी घरात हे बोलून घ्या, मुलांसमोर.

आणि हो, कोंबडखत ताजं झाडाला घालू नका, जळतं. गवत, पालापाचोळा मिसळून पाच-सहा महिने कुजू द्या. आमच्याकडं मागच्या वर्षीचं तयार खत भरपूर पडलंय. रेडिंगच्या आसपास कुणाला हवं असेल तर मेसेज करा, फुकट आहे, पोती आपापली आणा आणि फावडं मारायला नवऱ्याला घेऊन या.