दिल्ली बघायला आग्रा कशाला?

आपल्या सोलापुरात कुणी सहकुटुंब दिल्लीला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "आग्रा करणार ना?" मग दाजी म्हणतात मथुरा वाटेतच लागतं. मावशी म्हणते एवढं वर जाताय तर हरिद्वार कशाला सोडता? बघता बघता दिल्लीच्या वाट्याला दीड दिवस उरतो. त्या दीड दिवसात गाडीच्या खिडकीतून इंडिया गेट, लाल किल्ल्यासमोर ग्रुप फोटो, कुतुबमिनार, लोटस टेंपल आणि संध्याकाळी करोलबागेत खरेदी. झाली दिल्ली!

आम्ही यंदा फेब्रुवारीत गेलो तेव्हा आग्रा, मथुरा, हरिद्वार सगळ्यांवर काट मारली. घरात थोडी धुसफूस झाली, नातेवाइकांत जास्त झाली. पण परत आल्यावर माझं मत आणखी पक्कं झालंय. राजधानी बघायची तर नुसती राजधानीच बघावी, आणि सोलापूरकराने तर हटकून.

हटकून का, ते सांगतो. राष्ट्रपती भवन आतून बघता येतं, हे आपल्याकडे निम्म्या लोकांना माहीतच नाही. ऑनलाइन बुकिंग करायचं, नाममात्र पैसे भरायचे, ओळखपत्र घेऊन दिलेल्या वेळेला हजर व्हायचं. आत माहिती सांगायला माणूस असतो. 340 खोल्या, वास्तुकार ल्युटेन्सचा आराखडा, घुमट, झुंबरं, सगळं तो सांगतो. पण माझ्या आठवीतल्या मुलीचं लक्ष गेलं ते एका सालाकडे. नव्या दिल्लीचं उद्घाटन 13 फेब्रुवारी 1931 ला झालं. ती हळूच मला म्हणाली, "बाबा, आपले हुतात्मे 12 जानेवारी 1931 ना?"

दरवर्षी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या तोंडावर आपण चार पुतळ्यांपाशी जातो, म्हणून ती तारीख तिच्या डोक्यात होती. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. चौघांना येरवड्यात फाशी दिली, आणि त्यानंतर जेमतेम महिन्याभराने इथे व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते नव्या राजधानीचा सोहळा झाला. या वाड्यात राहायला आलेला पहिला व्हाइसरॉय हाच आयर्विन. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हाही गादीवर तोच होता. म्हणजे आपल्या गावात लष्कर रस्त्यावर होतं, तेव्हा इथे नवी राजधानी उभी राहत होती. शाळेत या दोन गोष्टी दोन वेगळ्या धड्यांत येतात. त्या एकत्र दिसल्या त्या दरबार हॉलच्या दारात, आणि त्यासुद्धा पोरीला, मला नाही.

माझं भांडण आहे ते इथेच. आपण दिल्ली पाहुण्यासारखी बघतो. पाहुणा जसा दिवाणखान्यात बसतो, चहा पितो, फोटोंचं कौतुक करतो आणि निघतो, तसं. हे घर कुणाच्या जिवावर आपलं झालं याची चौकशी करत नाही. अहो, त्यात चार नावं आपल्या गावची आहेत!

त्या वाड्यातून खाली उतरून कर्तव्य पथाने सरळ चालत गेलात की इंडिया गेट. त्याचंही उद्घाटन त्याच आठवड्यातलं, 12 फेब्रुवारी 1931. उंची 42 मीटर. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजांसाठी लढता लढता मेलेल्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणांची नावं त्यावर कोरली आहेत. शेजारच्या छत्रीखाली आधी राजा पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो 1968 मध्ये हलवला, मग कित्येक वर्षं छत्री रिकामी होती, आणि 2022 पासून तिथे नेताजी उभे आहेत. एका छत्रीत एवढा इतिहास, आणि लोक तिच्याकडे पाठ करून कुल्फी खात असतात. (कुल्फी आम्हीही खाल्ली. चांगली होती.)

इंडिया गेटच्या पाठीमागे राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, 2019 मध्ये खुलं झालेलं. प्रवेश फुकट. गोलाकार भिंतींवर स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या 25 हजारांहून अधिक जवानांची नावं आहेत. आईचे गुडघे दुखतात म्हणून मला वाटलं होतं ती बाकावर बसून राहील. ती नावं वाचत सुटली. जाधव, पाटील, शिंदे, माने, अशी आपल्याकडची आडनावं दिसली की थांबायची. आम्ही तिथे ठरवलेल्या वेळेच्या दुप्पट थांबलो आणि त्यापायी लोटस टेंपल राहिलं. राहू दे.

लाल किल्ल्यात मात्र वेगळी गंमत. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठ्यांनी दिल्ली जिंकल्याचे मेसेज रोज येतात. त्यात महादजी शिंद्यांनी 1771 मध्ये दिल्ली घेऊन मुघल बादशहा शाह आलमला गादीवर बसवलं, ते खरंच आहे, आणि 1803 पर्यंत तिथे मराठ्यांचा शब्द चालत होता हेही खरं. पण दिवाण-ए-खासमध्ये उभं राहिल्यावर वर छताकडे बघा. पूर्वी तिथे चांदीचा पत्रा होता. तो 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंनी काढून वितळवला, फौजेचा पगार द्यायला पैसे नव्हते म्हणून. पुढच्याच जानेवारीत पानिपत झालं. मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आपण पण लुटलं?" आता काय उत्तर देणार? म्हटलं, हो, आणि पगार थकला की काय होतं तेही लक्षात ठेव. सोलापूरच्या गिरण्या बंद पडताना बघितलेला त्याचा आजा असता, तर त्याने जास्त नीट समजावलं असतं.

याच किल्ल्यात 1945 मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. तो भाग घाईघाईत सोडू नका.

आता दोन ठिकाणं, जी मला एकाही ट्रॅव्हल्सवाल्याच्या पत्रकात दिसली नाहीत. पहिलं, गांधी स्मृती. जुनं बिर्ला हाऊस. गांधीजी शेवटचे 144 दिवस इथे राहिले. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत त्यांच्या पावलांचे ठसे उठवलेत, ते जिथे संपतात तिथे 30 जानेवारी 1948. दुसरं, 26 अलीपूर रोड. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण जिथे झालं ती जागा, तिथे आता मोठं स्मारक आहे. सिव्हिल लाइन्स मेट्रो स्टेशनपासून जवळ. चैत्यभूमीला आपल्या सोलापुरातून गाड्याच्या गाड्या भरून जातात, पण त्या 6 डिसेंबरची सकाळ जिथली, ते घर बघून आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. का, ते मला कळत नाही.

संसद बाहेरूनच बघितली. अधिवेशन चालू असलं तर खासदारांच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीचा पास निघू शकतो. मत मागायला ते आपल्या दारात येतात, तर पास मागायला आपण त्यांच्या ऑफिसात जायला काय हरकत आहे? निघायच्या बऱ्याच आधी विचारा मात्र.

कामाच्या गोष्टी थोडक्यात. सोमवारी दिल्लीला पोचू नका. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, गांधी स्मृती, अक्षरधाम, सगळं सोमवारी बंद. आपली कर्नाटक एक्सप्रेस सकाळी सोलापूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी थेट नवी दिल्लीत उतरवते, तेव्हा वार बघून तिकीट काढा. शहरात फिरायला मेट्रोच. म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्ट असते आणि पहिला डबा बायकांचा. आई आणि बायको त्यात बसून आमच्या आधी उतरून उभ्या असायच्या, वर उशीर झाला म्हणून आम्हालाच बोलायच्या. खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी रेल्वेतच संपली. छोले भटुरे एकदा ठीक, रोज नाही. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यातला लंगर मात्र चुकवू नका. आईने तिथे पंगतीत बसून जेवल्यावर भांडी घासायचा हट्ट धरला आणि घासलीसुद्धा.

आणि कृपा करून दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. त्या दिवसांत तिथली हवा इतकी घाण असते की इंडिया गेट धुरात हरवतं. मे महिन्यात "आपल्याला उन्हाचं काय नवल" असं म्हणून जाणारे सोलापूरकर तिथली लू, म्हणजे गरम वाऱ्याची झळ, लागल्यावर गप्प होतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास लटकतात. फेब्रुवारी उत्तम, राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यानही तेव्हा उघडं असतं. शाळेचं काय, म्हणाल तर वर्गशिक्षिकेला खरं कारण सांगून रजा घ्या. आम्ही घेतली. बाईंनी एकच अट घातली, परत आल्यावर वर्गात दिल्लीवर बोलायचं. मुलगी बोलली म्हणे भरपूर, पण निम्मा वेळ मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर आणि आजीने घासलेल्या भांड्यांवर.