सुशोभीकरण म्हणे!

राजेहो, रविवारी डबा बांधून जुनी बाग पाहायला निघालात तर बाग सापडेलच या भरवशावर जाऊ नका. तेलंगखेडी, सक्करदरा, तुळशीबाग, महाराजबाग, भोसल्यांच्या एवढ्या बागा लाभलेलं हे नागपूर शहर. अन् त्या काळच्या वास्तूला निधी मंजूर झाला की पहिला ट्रक येतो सिमेंटचा, दुसरा पेव्हर ब्लॉकचा!

जुनी भिंत विटा-चुन्याची. पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. वरून सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत अडकते, क्षार गिलाव्यामागे साचतात अन् विटेची पापुद्री सोलून काढतात. काही पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो, जाताना वीटही घेऊन जातो. मग उपाय काय? आणखी जाड सिमेंट! अरे, मुरवलेला चुना एक भाग, वाळू-सुरखी (विटेची पूड) दोन-तीन भाग, पातळ थर, वर आठवडाभर ओलं गोणपाट. पण चुना घाईत मुरत नाही, अन् उद्घाटनाची तारीख तर आधीच ठरलेली.

झाडांचे हाल तर बघवत नाहीत. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात. ब्लॉकसाठी नेमका तोच थर खोदायचा, मुरूम टाकून रोलर फिरवायचा, खोडाला चिकटवून फरशी बसवायची. मुळं तुटली, हवा बंद. झाड लगेच मरत नाही, शेंड्याकडून वाळत जातं. मग काही वर्षांनी ‘कीड लागली’ म्हणून आरी चालवायला मोकळे. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला लावली. इथं वीतभर सापडली तर नशीब. वर एलईडी माळांसाठी खोडात खिळे! महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात झाडाला कुठलीही इजा करणं हे तोडण्यातच मोजलंय. कंत्राटदाराला कोण सांगणार?

बरं, ब्लॉक तरी टिकतात? खाली काळी माती. पावसात फुगते, मे महिन्यात भेगाळते. ती पुरेशी न काढता बसवलेले ब्लॉक एका पावसाळ्यात वर-खाली होतात अन् म्हाताऱ्या माणसांचे पाय मुरगळतात. पंचेचाळीस अंशांत तापलेल्या त्या भट्टीवर सतरंजी तरी कुठं टाकायची? हिरवळीवर ‘चालू नये’ची पाटी. सावलीसाठी पत्र्याची छत्री, तीही मशरूमच्या आकाराची!