दुधाला वार नसतो

मार्चमध्ये माझा रक्ताचा रिपोर्ट आला. त्यात एलडीएलसमोर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलसमोर, 168 हा आकडा होता आणि शेजारी एक ठळक बाण वर तोंड करून उभा होता. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"रविवारी काय असतं?"

कोल्हापूरच्या माणसाला रविवारी काय असतं म्हणून विचारायचं म्हणजे पंढरपूरच्या माणसाला आषाढीला काय असतं म्हणून विचारायचं.

"मटण," मी म्हणालो.

"आणि सोमवारी?"

"रविवारचं उरलेलं."

डॉक्टर माणसासारखं बोलले. तेल-तूप आवरा, मटण महिन्यातून एकदा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत बघू. व्हीगन हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, हे मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो. तो शब्द घरात आणला लेकीनं. ती पुण्यात नोकरी करते आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आमची हजेरी घेते. "बाबा, अर्धवट काही करू नका. तीन महिने सरळ व्हीगन व्हा." म्हणजे मटण, मासे, अंडी बंद. हे ठीक होतं. पुढं यादी सुरू झाली: दूध बंद, दही बंद, ताक, लोणी, तूप बंद, मधही बंद.

"मधानं काय घोडं मारलंय?"

"ते मधमाश्यांचं असतं, बाबा."

मागं शेंगा फोडत बसलेल्या आईनं विचारलं, "काय हुनार म्हनं ह्यो?"

"व्हीगन, आजी."

"बेगम?"

त्या दिवसापासून आमच्या घरी मला बेगमच म्हणतात. "बेगमची भाकरी झाली का गं?" असं आई आतल्या खोलीतून विचारते आणि आलेला पाहुणा दचकतो.

हा शब्द आहे 1944 सालचा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी 'व्हेजिटेरियन'चं डोकं आणि शेपूट घेतलं, मधलं धड टाकून दिलं आणि व्हीगन सोसायटी काढली. तेव्हा महायुद्ध चालू होतं, लोणी आणि अंडी रेशनवर होती. रेशनवर लोणी असताना लोणी सोडलेलं मी समजू शकतो. मी ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यापासून पाच मिनिटांवर राहून सोडायला निघालो होतो.

ज्यांनी हा कट्टा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रात्रीची जेवणं झाली की माणसं तिथं जमतात. म्हशी उभ्या असतात. मालक उकिडवा बसून समोरच धार काढतो. धारेचा आवाज आधी भांड्याच्या बुडावर टणटण वाजतो, मग दूध चढेल तसा जाड होत जातो. ग्लास हातात येतो तो कोमट, वर दोन बोटं फेस. पिणाऱ्याच्या मिशीला पांढरी रेघ उमटते आणि ती कुणीही लगेच पुसत नाही. मी तीस वर्षं या कट्ट्यावर जातोय. एप्रिलपासून मी तिथं रिकाम्या हातानं उभा राहायला लागलो. लग्नात सोवळ्यातला भटजी एका बाजूला उभा असतो, तसा.

खरं सांगायचं तर मटण सोडणं मला जड गेलं नाही. मटण सोडायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, श्रावण, नवरात्र, शिवाय कुणाच्या घरचा कसला नवस. आपल्याकडं मटणाला वार आहे. दुधाला वारच नाही. दूध कधीच बंद नसतं. उलट बाकी सगळं बंद असतं तेव्हा ते चालू असतं. उपासाला दूध चालतं, आजाऱ्याला चालतं, बाळाला चालतं, नागोबाला चालतं. नव्या नवरीला चालतं आणि मरणाऱ्याच्या तोंडात गंगाजल नसेल तर तेच दोन थेंब. अशी वस्तू सोडली की माणूस उपास करतोय असं कुणाला वाटत नाही. घरात काहीतरी बिनसलंय असं वाटतं.

ते वाटायला सुरुवात झाली चहापासून. आमच्याकडं कोरा चहा तीनच कारणांनी होतो: ताप, सुतक, किंवा दूध नासलं. मी मेव्हण्याकडं गेलो आणि "मला कोरा" म्हणालो. वहिनी आत गेल्या. दोन मिनिटांनी मागच्या दारानं त्यांचा पोरगा पिशवी घेऊन पळताना दिसला. दूध संपलंय हे पाहुण्याला कळलं आणि त्यानं आपली लाज राखली, अशी त्यांची समजूत झाली होती. पाचव्या मिनिटाला माझ्यासमोर निव्वळ दुधाचा, वर साय धरलेला चहा आला. वहिनी दारात उभ्या, डोळ्यांत उपकाराचं पाणी. आता यांना डोनाल्ड वॉटसन कसा समजावणार? प्यालो.

घरी प्रयोग सुरू झाले. सोयाचं दूध उकळत्या चहात ओतलं की ते फाटतं आणि कपात ढगफुटी झाल्यासारखं दिसतं. बदामाच्या दुधाचा खोका अडीचशे रुपयांच्या घरात. मागचं बारीक अक्षर वाचलं तर बदाम जेमतेम चार टक्के, बाकी पाणी. आमच्या तालमीत पैलवान कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप घोटून थंडाई करतात. तिच्यात चमचा उभा राहतो. हे बदामाचं दूध म्हणजे ती थंडाई घोटल्यावर कुंडी विसळलेलं पाणी.

शेवटी मार्ग सापडला तो घरातच, गुळात. दुधाच्या चहात गूळ घातला की चहा फुटायची भीती. कोऱ्या चहाला ती भीतीच नाही. गवती चहा, आलं, गूळ, वरून चार थेंब लिंबू. आणि आपला गूळही बेगमला चालणारा: गुऱ्हाळात काहिलीतली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. हे कळल्यावर मला कोल्हापूरबद्दल जो अभिमान वाटला तो लेकीला फोन करून सांगितला. ती म्हणाली, "छान. आता पायातल्या वहाणेचं बघा. ती कातडी आहे." मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. जेवणापुरतं ठीक आहे. कोल्हापुरी पायताणाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय मी काढून ठेवायला?

दह्याचा प्रयोग मात्र सविस्तर सांगायला हवा. लेकीनं कृती पाठवली. दोन वाट्या शेंगदाणे रात्री भिजत घातले. सकाळी सालं काढली, मिक्सरला वाटले, वडिलांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यातून पिळून काढले. पांढरंशुभ्र दूध निघालं, बघून मीच हरखलो. ते उकळलं, कोमट केलं आणि विरजणाऐवजी त्यात देठासकट चार हिरव्या मिरच्या सोडल्या. देठाला दही लावणारे जिवाणू असतात. दहा तासांनी झाकण काढलं. दही लागलं होतं! मधोमध मिरच्या अशा उभ्या होत्या, जणू पंचगंगेच्या पुरात विजेचे खांब. बायकोनं बोटानं चाखलं आणि काही बोलली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर 'काही न बोलणं' हा पूर्ण अभिप्राय असतो. आईनं चाखलं आणि म्हणाली, "एवढ्या शेंगदान्याची चटनी केली असतीस तर आठ दिस पुरली असती."

बिस्किटांचं एका वाक्यात सांगतो: हिरवा ठिपका बघून घेतलेल्या बहुतेक पुड्यांच्या मागं 'मिल्क सॉलिड्स' लिहिलेलं असतं, कारण आपल्या ठिपक्याला दूध चालतं. व्हीगनसाठी सरकारनं 2022 च्या नियमांत वेगळं, पान फुटलेल्या इंग्रजी 'व्ही'चं चिन्ह दिलंय. ते आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला, "रोपवाटिका पलीकडच्या गल्लीत."

आणि मग माझ्या ध्यानात आलं की मिसळ व्हीगन असते. मटकी, कट, फरसाण, कांदा, लिंबू. सोबतचा ब्रेड तेवढा मागं वळवून वाचायचा. कांदेपोहे व्हीगन. बटाटेवडा, भजी, साबुदाणा वडा, सगळी शुद्ध चारित्र्याची मंडळी. मी नियमानं वागायला लागलो. सकाळी मिसळ, दुपारी पिठलं-भाकरी, संध्याकाळी भजी. महिन्याभरात दीड किलो वाढलो. लेक म्हणाली, "बाबा, व्हीगन म्हणजे कटात पोहणं नव्हे." तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं मी तिला पुरावा म्हणून दाखवलं. तेव्हा कळलं की कोलेस्टेरॉल कुठल्याच शेंगदाण्यात नसतं. ते प्राण्यांत असतं आणि आपलं लिव्हर स्वतःही बनवतं. म्हणजे ती डब्यावरची ओळ विहिरीवर 'इथे पेट्रोल मिळणार नाही' अशी पाटी लावल्यासारखी. तेल ते तेलच, कॅलरीला कॅलरी.

मग खरं जेवण सुरू झालं. नाचणीची भाकरी (शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं), तिळाची चटणी, अळूचं फदफदं, मोड आलेली मटकी. मोड आणले की धान्यातलं लोह अंगी लागायला सोपं जातं, वर लिंबू पिळलं तर आणखी सोपं, आणि जेवणावर चहा ढोसला की सगळ्यावर पाणी. हे सगळं आई वर्षानुवर्षं करत आलीय. फक्त तिला कुणी त्याचं कारण विचारलं नव्हतं.

त्रास झाला तो वाऱ्याचा. दोन्ही वेळेला उसळ खाणाऱ्या माणसानं पतसंस्थेत काउंटरमागं बसावं की नाही यावर पोटनियम नाहीत, म्हणून मी बसलो. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या सहकाऱ्यानं न विचारता आपलं टेबल खिडकीकडं सरकवलं. भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं, हिंग सढळ घालायचा आणि उसळीचं प्रमाण हळूहळू वाढवायचं, हे मला चौथ्या आठवड्यात कळलं. तोवर त्याला उजेडाची सवय झाली होती.

जूनमध्ये एका मित्राची वास्तुशांत आणि सत्यनारायण. पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध, साखर. पाचातलं एकच माझं. प्रसादाचा शिरा तर साजूक तुपात निथळत होता. मी हळूच मागच्या रांगेत सरकलो, तर गुरुजी नेमके कलावतीपाशी पोचले. प्रसाद न घेताच नवऱ्याला बघायला धावली आणि नाव बुडाली! ते म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. आता 2019 चा महापूर बघितलेल्या माणसाला बुडायची भीती घालून उपयोग नाही. पण बाहेर पाऊस लागला होता आणि राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी सकाळीच आली होती. मी सुपारीएवढा शिरा घेतला. लेकीला सांगितलं नाही. शहराच्या भल्यासाठी केलं.

तीन महिने झाले. रक्त द्यायला गेलो तेव्हा आईही बरोबर आली. तिच्या तळपायाला मुंग्या येत होत्या, दोन जिने चढली की दम लागत होता, आणि "बेगमला काय हुतंय ते बघायचं हाय" हे मुख्य कारण. तीन महिने ती मला बजावत होती, दूध सोडलंस, हाडं खिळखिळी हुत्याल, नसा सुकत्याल. डॉक्टरांनी दोघांचंही बी-12 जीवनसत्त्व तपासायला दिलं.

रिपोर्ट आला. माझं एलडीएल 168 वरून 139. डॉक्टर खूश, पण सगळं श्रेय दूध सोडण्याला देऊ नका म्हणाले. मटण गेलंय, तूप गेलंय, चालणं आलंय. मग बी-12. माझं 410. आईचं 142. दोनशेच्या खाली कमी समजतात.

आई वीस वर्षं माळकरी. मांस-मच्छी नाही, अंडं नाही, दूध म्हणजे दोन वेळच्या चहातलं आणि वाटीभर ताक. मी तीन महिन्यांचा बेगम. आणि कमी निघालं तिचं!

डॉक्टरांनी समजावलं. हे जीवनसत्त्व ना झाड बनवतं ना जनावर. ते जिवाणू बनवतात आणि जनावरांमार्फत आपल्यापर्यंत येतं. लागतं अगदी नखभर, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण चहातल्या दुधानं भागत नाही आणि वयानं पचवायची ताकदही कमी होते. आपल्याकडं शाकाहारी घरांत हे सर्रास कमी सापडतं. "मग माझं कसं काय शाबूत?" मी विचारलं.

"लिव्हरमध्ये साठा असतो. वर्षानुवर्षं पुरतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या लिव्हरमध्ये अजून तांबडा रस्सा शिल्लक आहे. पण त्याच्या भरवशावर बसू नका. हे असंच चालू ठेवणार असाल तर आजपासून गोळी."

गोळ्या लिहून दिल्या. बी-12 ची, आणि दोघांनाही डी-3 ची कॅप्सूल. लेकीनं पुण्याहून कळवलं की डी-3 बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात आणि कॅप्सूलचं कवच सहसा जिलेटीनचं असतं. जिलेटीन कशापासून होतं हे मी आईला सांगितलं नाही. डॉक्टरांकडं परत गेलो, तिच्यासाठी इंजेक्शनं मागून घेतली, आणि घरी "सुईनं लवकर गुण येतो" एवढंच म्हणालो. ती खूश. माझ्यापेक्षा जास्त आजारी ठरल्यामुळं असेल, गल्लीत तिचा भाव वाढलाय.

त्या रात्री कट्ट्यावर गेलो, रिपोर्ट खिशात घेऊनच. मित्रांना सगळं सांगितलं: 139, 410, लिव्हर, साठा. एकानं विचारलं, किती वर्षं पुरतोय? म्हटलं, डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तरी सहज.

मालक म्हशीखाली बसून धार काढत होता. आचळावरचा हात न थांबवता, मान वर न करता म्हणाला, "मंग काय काळजी हाय, टाकी फुल्ल हाय की. रिझर्व्हला आली की या."