दहातल्या जेमतेम चार

सॅक्सोफोनच्या दहा रीडची, म्हणजे तोंडाशी बसणाऱ्या, फुंकीने थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पट्ट्यांची, नवी पेटी उघडायची आणि त्यातल्या जेमतेम चार धड वाजायच्या! एक फळीसारखी ताठ, दोन पहिल्या फुंकीलाच चिरकणाऱ्या. रीड वेळूसारख्या गवताची असते, थोडा फरक पडणारच, मान्य. पण इतका?

वर कडकपणाच्या आकड्यांचा घोळ. एका कंपनीची २.५ दुसरीच्या २.५ पेक्षा चांगलीच कडक निघते. आणि नवशिक्याला सल्ला काय, तर “कडकच घे, आवाज भरदार येईल.” अहो, ओठांत अजून जोर नाही त्याने ३ नंबर लावली, तर सूर लागायच्या आधी जबडा दुखतो! त्याला १.५ किंवा २ ची साधी, स्वस्त रीड पुरते. तीन-चार आलटूनपालटून वाजवा, पुसून सपाट ठेवून वाळवा, टिकतात. सिंथेटिक महाग वाटते, पण एकच महिनोन्‌महिने चालते, भिजवावीही लागत नाही.

हे विकताना कुणी सांगत नाही. पोर आठवडाभर फुंकून दमतं, “मला जमतच नाही” म्हणून रडतं, आणि नवाकोरा सॅक्सोफोन कपाटावर चढतो. एका चुकीच्या रीडपायी!