रस्त्यावरच मिटवू नका

नेदरलँड्समध्ये सायकलवाला म्हणजे राजा, त्याला नुसता धक्का लागला तरी गाडीवाल्याची वाट लागते, असं भारतातल्या मित्रांच्या डोक्यात पक्कं बसलंय आणि मी कितीही सांगितलं तरी ते निघत नाही. इथे २०२३ साली रस्त्यावर ६८४ माणसं गेली त्यातली २७० सायकलवर होती, म्हणजे कारमध्ये गेलेल्यांपेक्षा जास्त. हेल्मेट बहुतेक लोक घालत नाहीत. म्हातारी माणसं ई-बाईकवर सुसाट जातात. तेव्हा स्वर्ग वगैरे काही नाही. मला इथलं खरंच काही घेण्यासारखं वाटतं तर ते सायकल ट्रॅक नाहीत (ते व्हायचे तेव्हा होतील), अपघात झाल्यावर पुढच्या अर्ध्या तासात ही माणसं काय करतात ते आहे.

कारने सायकलवाल्याला उडवलं आणि तो शुद्धीवर असेल, फार लागलेलं नसेल, तर दोघं बाजूला होतात, कारवाला डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक छापील फॉर्म काढतो, युरोपभर साधारण तोच चालतो, आता ॲपवरही भरता येतो. कोण कुठून येत होतं त्याचं चित्र काढायचं, गाडीचा नंबर, विमा कंपनी, साक्षीदार लिहायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. चूक कोणाची हे त्यात कबूल करायचं नसतं, फक्त काय घडलं तेवढंच. जे पटत नाही त्यावर सही करू नये, हे मात्र इथे आलेल्या प्रत्येक नवीन माणसाला मी सांगतो, कारण सही झाल्यावर "मला तसं म्हणायचं नव्हतं" चालत नाही. पोलीस येतात ते कोणी जखमी असेल, कोणी प्यायलेलं असेल किंवा कोणी पळालं असेल तर.

हे इतकं थंडपणे होतं कारण पैशाचा प्रश्न कायद्याने आधीच बराचसा सोडवून ठेवलाय. १९९४ च्या वाहतूक कायद्याचं १८५ वं कलम म्हणतं की मोटारगाडीने पायी किंवा सायकलवर असलेल्याला इजा केली तर भरपाईची जबाबदारी गाडीच्या मालकाकडे, म्हणजे त्याच्या विम्याकडे, अगदीच टाळता न येण्यासारखं होतं हे त्याने सिद्ध केलं तरच सुटका. तसं सिद्ध करता आलं नाही तर, सायकलवाल्याची स्वतःची चूक असली तरी तो १४ किंवा त्याहून मोठा असेल तर निदान अर्धी भरपाई मिळते, आणि १४ च्या आतलं मूल असेल तर पूर्ण. मुद्दाम केलं असेल तर गोष्ट वेगळी. पण लोक यावरून सायकलवाला नेहमी बरोबर असतो असा अर्थ काढतात, तो चुकीचा आहे. सिग्नल तोडून गेलात आणि कारचा दरवाजा चेपला तर त्या दरवाज्याचं बिल तुमच्याकडे येऊ शकतं. दोषी कोण आणि पैसे कोणी द्यायचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढंच त्या कलमाचं सार.

आता गंमत बघा, आपल्याकडे रस्त्यावर हाच नियम पूर्वीपासून चालतो. मोठ्या गाडीवाल्याची चूक! ट्रक आणि कार भिडली तर ट्रकवाला, कार आणि सायकल भिडली तर कारवाला. फक्त तो नियम गर्दी राबवते, हाताने, जागेवर, कागदाशिवाय. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात ड्रायव्हरने जखमीला दवाखान्यात नेलं पाहिजे असं लिहिलंय, पण जमाव खवळल्यामुळे शक्य नसेल तर सोडून, असा अपवाद त्याच कलमात आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं पुढे काय होतं ते. जमाव जमला की ड्रायव्हर पळतो, आणि तो पळाला की सायकलवाल्याचंच नुकसान, तेही रुपयांत मोजता येण्यासारखं.

ते कसं ते सांगतो. माझ्या एका मित्राला डावीकडे वळणाऱ्या कारने इंडिकेटर न देता आडवं पाडलं, कॉलरबोन मोडलं. कारवाला भला होता, थांबला, दोन-तीन हजार देऊ केले, फोन नंबर दिला, पोलीस नको म्हणाला. आमच्या ग्रुपवर निम्मे म्हणाले बरं केलंस मिटवलंस ते, निम्मे म्हणाले दोन ठेवून द्यायच्या होत्यास. दोन्ही सल्ले मला सारखेच वाईट वाटतात. हाड मोडणं कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे, आणि गंभीर दुखापतीला मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमाखाली चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख रुपये गाडीमालकाकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागता येतात. गाडी कुठली तेच कळलं नाही, म्हणजे हिट अँड रन, तर सरकारी योजनेतून त्याच हाडाचे ५० हजार. मृत्यू झाला तर पाच लाख आणि दोन लाख असा फरक. त्यामुळे पडल्या पडल्या, मान-पाठ दुखत नसेल आणि हलता येत असेल तर, पहिलं काम नंबर प्लेटचा फोटो. मग गाडी कुठे थांबली, सायकल कुठे पडली, ड्रायव्हरचं लायसन्स, बघणाऱ्या दोघातिघांचे फोन नंबर. समोर दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याच दिवशी पोलिसांना सांगा, ते रेकॉर्डिंग थोड्या दिवसांत पुसलं जातं. ११२ ला फोन करा. "मी ठीक आहे" हे तर अजिबात म्हणू नका, अंगात त्यावेळी इतकी तरतरी असते की मोडलेलं हाडसुद्धा दुखत नाही, आणि डोक्याला मार असेल तर उलटी, गुंगी, डोकेदुखी हे काही तासांनी सुरू होतं.

दवाखान्यात आपले लोक सगळ्यात मोठा घोळ घालतात. पोलीस केसची कटकट नको म्हणून "सायकलवरून पडलो" असं सांगतात. झालं, कागदावर कार गायब! नंतर ट्रिब्युनलसमोर (अपघात भरपाईचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) विमा कंपनीचा वकील तोच कागद वर धरणार. डॉक्टरांना कारने धडक दिली असंच सांगायचं आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद, करून घ्यायची. उपचाराच्या पैशाची भीती असेल तर मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, ठरावीक हॉस्पिटलमध्ये अपघातापासून सात दिवस दीड लाखापर्यंत. उचलून नेणाऱ्यालाही कोणी अडकवून ठेवू शकत नाही, ते संरक्षण २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आणि नंतर १३४-अ कलमाने मिळालंय, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि सायकल लगेच दुरुस्तीला टाकू नका, फाटलेले कपडे, तडा गेलेलं हेल्मेट तसंच ठेवा, राईडचं जीपीएस रेकॉर्ड जपून ठेवा. कार्बन फ्रेम असेल तर वरून दिसत नसलं तरी आत चीर असू शकते, म्हणून खर्चाचा आकडा रस्त्यावर मान्य करण्यात काही अर्थच नसतो.

यावर मित्रांचं ठरलेलं उत्तर, तिकडे सिस्टीम आहे, इकडे पोलीस स्टेशनला चार तास बसवतात. खरंय. मी नाकारत नाही, आणि इथून लांब बसून "तक्रार करा" म्हणणं सोपं आहे हेही कळतं. इथे तर जखमीच्या वकिलाचा वाजवी खर्चसुद्धा समोरच्याच्या विम्याला द्यावा लागतो, आपल्याकडे ती चैन नाही. पण ते चार तास कशासाठी ते तरी माहीत हवं. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला पाठवायचा, असा २०२२ चा नियम आहे, त्याची प्रत मागायची. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येणारी तक्रार. दावा तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्येही टाकता येतो, मात्र कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे आणि मिटवामिटवीत नेमके तेच महिने जातात, कारवाला आधी उद्या म्हणतो, मग फोन उचलत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला तेव्हा माझं मत ग्रुपवर कोणालाच आवडलं नव्हतं. नवीन न्याय संहितेत माणूस मारून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती, संपानंतर ते कलम लागूच केलं नाही, आणि लोक सरकार झुकलं म्हणून चिडले. मला शिक्षेच्या आकड्यात फार रस नाही. थांबलो तर मार आणि जेल, पळालो तर बहुतेक सुटका, हे गणित असेपर्यंत दहाची वीस वर्षं केली तरी माणूस पळणारच. इथला ड्रायव्हर काही फार सज्जन म्हणून थांबत नाही, पळाला तर गुन्हा आणि थांबला तर नुकसान बहुतेक विम्याचं, हे त्याला ठाऊक असतं. त्यापेक्षा आपलं १६४ वं कलम फक्त मृत्यू आणि गंभीर दुखापतीपुरतं आहे ते वाढवून त्यात टाके, खरचटणं, मोडलेली सायकल, बुडालेली रोजची मजुरी हेही आणलं असतं तर मी त्याला मनापासून पाठिंबा दिला असता, कारण सायकलवर कामाला जाणारा माणूस आठ दिवस घरी बसला की त्याचा पगार जातो, आणि आज त्याला तो मिळवायचा तर ड्रायव्हरची चूक सिद्ध करत बसावं लागतं.